अडणी का डुगडुगत नाही?

चार पायांचे टेबल डुगडुगू लागले की आपण एका पायाखाली कागदाची घडी सरकवतो. देव्हाऱ्यातील शंखाच्या अडणीखाली अशी घडी कधी पाहिली आहे का? अडणीला पाय तीनच! पूर्वी जेवणाचे ताट ठेवण्यासाठीही मोठी अडणी वापरीत. आपल्याकडे शेतात चूल मांडतानाही दगड तीनच घेतात.

प्राचीन रोमन लोकांच्या भोजनगृहाला ‘त्रिक्लिनियम’ म्हणत. तीन बाजूंना तीन कोच असत. प्रत्येकावर तिघे, डाव्या कोपरावर रेलून, उजव्या हाताने जेवीत. मधल्या जागेत लहान टेबल असे व तेही पुष्कळदा तीन पायांचे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअस ज्वालामुखीने गाडलेल्या हर्क्युलेनियम शहरात असे एक लाकडी टेबल कोळसा झालेल्या स्थितीत सापडले आहे.

याचे कारण तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. म्हणून शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवरही तिन्ही पाय टेकतात. चौथा पाय त्याच प्रतलात येईलच असे नाही.

मग सर्वच टेबले तीन पायांची का करीत नाहीत? गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायांमधील क्षेत्राबाहेर गेली की वस्तू कलंडते. समजा, पाय २० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर समान अंतरांवर आहेत. मध्यापासून चौरसाची बाजू सुमारे १४ सेंमी दूर असते. त्रिकोणाची मात्र १० सेंमीच. गुरुत्वमध्य ४० सेंमी उंच असेल, तर चार पायांचे टेबल सुमारे १९ अंश कलल्यावर, तर तीन पायांचे १४ अंशांवरच कलंडेल. मात्र उंची १० सेंमी केली, तर तीन पायांचे टेबलही ४५ अंशांपर्यंत तग धरते. ठेंगण्या अडणीला भीती नाही, ती यामुळेच!

करून पाहा: बटाट्याच्या दोन सारख्या जाड चकत्या कापा. एकीला खराट्याच्या काड्यांचे तीन पाय लावा, दुसरीला चार. खडबडीत जमिनीवर ठेवून कोणती डुगडुगते ते पाहा. मग दोन पायांच्या मधोमध, कडेवर बोटाने दाबा. आधी कोणती उलटते?

आता एक प्रश्न: कार्यालयातील फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात. त्रिज्या २० सेंमीच धरून मध्यापासून पंचकोनाची बाजू किती दूर येते, ते काढा. पाच पायांचे कारण तुम्हाला आपोआप उमजेल.