जुन्या टू-स्ट्रोक फटफटीची ठिणगी : दोष शोधण्याचा क्रम

म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीची २५० सी.सी.ची जावा, व १९७३ पासून तिचेंच पुढें झालेलें रूप जी येझदी, या गाड्या आपल्या बऱ्याच गांवांतून अजूनहि दुधाचे कॅन व चाऱ्याचे भारे वाहतांना दिसतात. तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. याच नांवाच्या ज्या नव्या गाड्या हल्लीं विकल्या जातात त्या फोर-स्ट्रोक असून त्यांस हा लेख लागू नाहीं. जुन्या गाडीचे जाणते कारागीर तालुक्याच्या गांवींहि विरळ झाले आहेत. म्हणून ठिणगीचें प्रकरण मालकानें स्वतःच समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

प्रस्तुत लेखकास हा धडा नुकसान सोसून मिळाला. एका श्रावणांत आमची येझदी सकाळीं उत्तम चालू होई, परंतु तीन-चार मैल गेल्यावर फटफट आवाज करून बंद पडे. अर्धा तास उभी ठेविली कीं पुन्हां चाले. कारागिरानें प्रथम कार्बोरेटर खोलला, नंतर कॉइल बदलली व शेवटीं पिस्टन काढण्याची गोष्ट बोलूं लागला. तेवढ्या आठवड्यांत दोन वेळां दूध केंद्रावर उशिरा पोंचून नासल्यामुळें परत आलें. अखेरीस दोष निघाला तो अंगठ्याएवढ्या कंडेन्सरांत. क्रम धरून तपासलें असतें तर तें काम तासाभराचें होतें.

ठिणगी कशी उत्पन्न होते

बॅटरीचा दाब अवघा सहा व्होल्टचा. त्यानें प्लगच्या फटींतून ठिणगी उडणें शक्य नाहीं. म्हणून कॉइलमध्यें तारेचे दोन वेढे असतात. जाड तारेचे वेढे थोडे व बारीक तारेचे हजारों. पॉइंट मिटलेले असतां जाड तारेंतून प्रवाह वाहून कॉइलमध्यें चुंबकत्व सांठतें. पॉइंट उघडतांच प्रवाह तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतें व बारीक तारेंत दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब उत्पन्न होतो. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटतांना नव्हे, तर उघडतांना पडते, हें ध्यानांत ठेवावें. कंडेन्सराचें काम असें कीं, पॉइंट उघडतांना तेथेंच प्रवाहानें उडी मारूं नये व तो झटकन् तुटावा. टू-स्ट्रोक यंत्रांत प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी लागते. मिनिटास ३,००० फेरे होत असतां सेकंदास ५० ठिणग्या झाल्या. इतक्या कामांत पॉइंट झिजावे यांत नवल नाहीं.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी बॅटरीची. दिवा मंद किंवा भोंगा घोगरा असेल तर आधीं बॅटरी भरून घ्यावी. तिच्या टोकांवरील पांढरा क्षार गरम पाण्यानें धुवून काढावा. यंत्र बंद असतां किल्ली चालू राहूं देऊं नये. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून खराब होते व बॅटरीहि उतरते.

दुसरी पायरी प्लगची. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तपकिरी रंग ठीक. काळा व ओला असल्यास तेल अधिक झालें किंवा ठिणगी दुबळी आहे. अगदीं पांढरा असल्यास यंत्र अति तापतें. टू-स्ट्रोकच्या प्लगांत काजळीचा बारीक केस दोन्ही टोकांस जोडून बसतो व ठिणगी मुळींच पडत नाहीं. तो साफ करून फट सुमारें ०·६ मिलिमीटर ठेवावी. नंतर प्लग टोपींत घालून त्याचा लोखंडी भाग सिलिंडरच्या पात्यांस टेकवावा व किक मारावी. जवळ सांडलेलें पेट्रोल असूं नये. निळसर, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी व बारीक ठिणगी दुबळी. तार हवेंत मोकळी लोंबत ठेवून किक मारूं नये. त्यानें कॉइलच्या आंतील आवरणास इजा होते.

तिसरी पायरी पॉइंटांची. उजवीकडील झांकण काढतांच ते दिसतात. ते करडे व स्वच्छ असावेत. खड्डे असल्यास बारीक कानशीनें हलकेंच घांसावे. पॉलिशपेपर वापरूं नये, कारण त्याचे कण धातूंत रुततात. शेवटीं पेट्रोलांत भिजविलेली कागदाची पट्टी मध्यें ओढावी. यंत्र हातानें फिरवून पॉइंट जास्तींत जास्त उघडल्यावर फट ०·४ मिलिमीटर आहे कीं नाहीं, तें फीलर गेजनें मोजावें. पॉइंट वारंवार तेलकट होत असतील तर त्या बाजूचें ऑइल सील गळत आहे असें समजावें. तें बदलल्यावांचून नुसतें पुसणें व्यर्थ होय.

चौथी पायरी कंडेन्सराची. अंधारांत किक मारून पॉइंटांकडे पाहावें. तेथें मोठी ठिणगी उडते व प्लगवरची दुबळी असते, तर संशय कंडेन्सराचा. तापल्यावर बंद पडणें व निवल्यावर चालणें हेंहि त्याचें लक्षण आहे. कॉइलहि कधीं तसेंच करते, पण कंडेन्सर स्वस्त असल्यानें तोच आधीं बदलून पाहावा.

पांचवी पायरी वेळेची. फट बदलली कीं वेळहि बदलते, म्हणून हें काम नेहमीं फटीनंतर करावें. प्लगच्या भोंकांतून मापकानें पिस्टन माथ्यापासून किती खालीं आहे तें मोजावें. तें अंतर आपल्या नमुन्याच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें, तेंच घ्यावें. पॉइंटाची तार व गाडीचा सांगाडा यांमध्यें सहा व्होल्टचा लहान दिवा जोडून किल्ली चालू करावी. यंत्र त्याच्या चालीच्या दिशेनें हळू फिरवितां ज्या क्षणीं दिवा लागतो त्या क्षणीं पॉइंट उघडले. दिवा उशिरा लागल्यास पॉइंटांची तबकडी यंत्राच्या फिरण्याच्या उलट दिशेस किंचित् सरकवावी. लवकर लागल्यास त्याच दिशेस. ठिणगी फार लवकर पडल्यास किक उलट मारते व पिस्टनास भोंक पडण्याचें भय असतें; फार उशिरा पडल्यास गाडी ओढत नाहीं व तापते.

एका वेळीं एकच वस्तु बदलावी व लगेच गाडी चालवून पाहावी. दोन वस्तु एकदम बदलल्या तर दोष कशांत होता तें कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. फीलर गेज, बारीक कानस, एक नवा प्लग व एक कंडेन्सर एवढें सामान सीटखालीं कापडांत बांधून ठेवल्यास पावसाळ्याच्या सकाळीं दूध वेळेवर पोंचेल, आणि धडधाकट गाडी भंगाराच्या भावानें देण्याचा प्रसंगहि टळेल.