चिल्लरचं गणित

समजा कॅन्टीनमध्ये तुमचं बिल 12 रुपये झालं आणि तुम्ही 50 ची नोट दिली. काउंटरवरचे काका 38 रुपये परत देताना कागद-पेन काढत नाहीत. आधी 20 चं नाणं, मग 10, मग 5, मग 2, शेवटी 1. झाली पाच नाणी. ह्याहून कमी नाण्यांत 38 रुपये होतच नाहीत, करून बघा!

काकांची युक्ती एवढीच की बसेल ते सगळ्यात मोठं नाणं आधी द्यायचं. कॉम्प्युटरवाले हिलाच ग्रीडी पद्धत म्हणतात. पण ती बरोबर कशावरून? कमीत कमी नाणी द्यायची असतील तर 1 ची दोन नाणी कधीच देणार नाही, त्याऐवजी 2 चं एक देऊ. 2 ची तीन देणार नाही, 5 आणि 1 देऊ. 2, 2 आणि 1 च्या जागी सरळ 5. म्हणजे 1 आणि 2 ची नाणी मिळून 4 रुपयांच्या वर जातच नाहीत. 5 चं फार तर एक, म्हणून 9 च्या वर नाही. 10 चंही एकच, म्हणून 19 च्या वर नाही. मग 20 किंवा जास्त द्यायचे असतील तर 20 चं नाणं द्यावंच लागणार. काका जिंकले!

पण हा विजय काकांचा की नाण्यांचा?

1957 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. चार आण्यांचे बरोबर 25 पैसे होतात, म्हणून आमची आजी अजून पंचवीस पैशांना चार आणेच म्हणते. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे पावकी-दिडकी माझ्या वाट्याला आलीच नाही. आजीला ह्याचं फार वाईट वाटतं.) पुढे 1964 ला 3 पैसे आणि 1968 ला 20 पैसे आले. म्हणजे एकूण नाणी झाली 1, 2, 3, 5, 10, 20, 25 आणि 50 पैसे.

आता 40 पैसे परत द्या. काकांच्या पद्धतीने 25, 10, 5, म्हणजे तीन नाणी. पण 20 ची दोन दिली की काम झालं! वरची सिद्धता इथेच अडकते. 20 ची दोन नाणी 25 च्या पुढे जातात आणि त्यांच्या बदल्यात देता येईल असं 40 चं एक नाणं नाही.

25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली, त्यामुळे आज कॅन्टीनमध्ये कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते लॅबमध्ये. काकांची पद्धत सी मध्ये लिहिली, 38 घालून पाहिलं, 5 आलं, की आपण खूश. प्लेसमेंटच्या पेपरात मात्र नाणी 1, 3, 4 आणि रक्कम 6 अशी देतात. ग्रीडी म्हणते 4, 1, 1. उत्तर आहे 3, 3.

खात्रीचा मार्ग जरा कंटाळवाणा आहे. 1 पासून प्रत्येक रकमेला कमीत कमी किती नाणी लागतात त्याचा तक्ता करायचा. 40 ची पाळी आली की शेवटचं नाणं कोणतं असेल ते बघायचं. 25 असेल तर उरले 15, त्याला दोन लागतात, एकूण तीन. 20 असेल तर उरले 20, त्याला एक, एकूण दोन. अशी सगळी नाणी लावून सगळ्यात लहान आकडा घ्यायचा. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ह्या भारदस्त नावामागे एवढंच आहे!

आता मेसच्या रांगेत उभं राहून सोडवायला एक. वर दिलेल्या आठ नाण्यांत, एका रुपयाच्या आत, काकांची पद्धत बरोबर दहा रकमांना फसते. 40 मी सांगून टाकली. उरलेल्या नऊ तुम्ही शोधा.