गाडी खालून घासली, एस्टिमेट आलं ३५,४०० चं! आता काय करायचं?



खेळत्या भांडवलाच्या व्हिडिओनंतर झरी जामणी तालुक्यातल्या एका भावाचा मेसेज आला. "सर, धंदा सुरू व्हायच्या आधीच माझं भांडवल गाडीत चाललं." मी फोन लावला. पाऊण तास बोललो. त्या बोलण्यातून जे निघालं ते व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, इथे नीट लिहून देतोय.

भावाचा प्लॅन साधा आहे. वणीहून पाव, टोस्ट, खारी उचलायची आणि मुकुटबन, झरीकडच्या किराणा दुकानांना पोहोचवायची. त्यासाठी जुनी छोटी कार घेतली. गाडीचे पैसे देऊन हातात उरले ४०,०००. माल, उधारी, डिझेल-पेट्रोल सगळं त्यातच.

आता त्या भागात वणीचा कोळसा आणि मुकुटबनचं सिमेंट, म्हणजे जड ट्रकची वाहतूक भरपूर. पावसाळ्यानंतर कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांनी दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे उंचवटा राहतो. ट्रक उंच असतो, तो निघून जातो. आपली कार चाकोरीत उतरली की पोट उंचवट्यावर घासतं. तेच झालं. खट्‌कन आवाज आला, खाली काहीतरी लोंबायला लागलं. भाऊ घाबरले आणि गाडी शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. अर्ध्या तासात कागद हातात: खालचं प्लॅस्टिक कव्हर २,९००, ऑइल चेंबर ५,८००, ऑइल आणि फिल्टर ३,२००, दोन्ही लोअर आर्म ७,६००, सायलेन्सरचा मधला भाग ६,४००, खालून कोटिंग ४,५००, अलाइनमेंट १,०००, मजुरी ४,०००. एकूण ३५,४००.

आणि वर एक वाक्य: "सर, सेफ्टीचा प्रश्न आहे."

हे वाक्य ऐकलं की आपण सही करतो. मी पण केलेली आहे, वीस वर्षांपूर्वी, आणि नंतर हप्ते भरताना कपाळाला हात लावला आहे.

एस्टिमेट देणारा चोर असतो असं माझं म्हणणं नाही. पण तो बदलता येण्यासारख्या सगळ्या गोष्टींची यादी देतो. कोणती आज लागते, कोणती दिवाळीनंतर चालेल, हे त्याला विचारल्याशिवाय तो सांगत नाही. म्हणून कागदावरच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: "हे आत्ता नाही केलं तर काय होईल, आणि किती दिवसांत?" उत्तर गाडी लिफ्टवर घेऊन, बोट लावून दाखवायला सांगायचं. स्वतः नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. गावातल्या गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा, फोटो काढा.

भावाला मी हेच करायला लावलं. एकेक ओळ बघू.

प्लॅस्टिक कव्हर. लोंबत होतं ते हेच. चिखल आणि दगड आत जाऊ नयेत म्हणून असतं. त्याचे क्लिप तुटले होते, कव्हर एका कोपऱ्यात चिरलं होतं. नवे क्लिप आणि पट्टी, ३५०. कव्हर काढून टाकून फिरू नका मात्र, काळ्या मातीचा चिखल बेल्टपर्यंत जातो.

ऑइल चेंबर. इथे थांबून विचार करायचा. चेंबर पत्र्याचा असेल तर पोचा पडतो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तडा जातो. तडा म्हणजे बदलायचाच, एम-सील लावून धंद्याची गाडी पळवायची नाही. भावाच्या गाडीला पत्र्याचा होता, पोचा पडलेला, गळती दिसत नव्हती. पोच्याचा धोका वेगळाच असतो. चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी असते. पोचा नेमका तिच्याखाली आला तर ऑइल कमी ओढलं जातं आणि इंजिन उपाशी राहतं. मिस्त्रीने बघितलं, पोचा पुढच्या कडेला होता, जाळीपासून लांब. चेंबर पुसून कोरडा केला, रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा, डिपस्टिकवर ऑइल जागेवर, स्टार्ट केल्यावर ऑइलचा लाल दिवा लगेच विझला. म्हणजे चेंबर राहू दे, दर आठवड्याला डिपस्टिक बघा. पुठ्ठ्यावर काळा-तपकिरी डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. एसी लावल्यावर स्वच्छ पाणी पडतं त्याला घाबरू नका. चाकाजवळ तेलकट ओल, ब्रेकचा पाय खोल जाणं किंवा पेट्रोलचा वास, यातलं काहीही असेल तर गाडी जागची हलवायची नाही. तिथे पैसे वाचवणं बंद.

सायलेन्सर. पाईप शाबूत होता, लटकवायचं रबर तुटलं होतं. रबर आणि एक वेल्डिंग, ५००.

लोअर आर्म. इथे सर्व्हिस सेंटर अर्धं बरोबर निघालं. वणीत अलाइनमेंट तपासली (६००) तर डाव्या बाजूला फरक आला, आर्मचं बुश फाटलं होतं. डावा आर्म बदलला, फिटिंगसह १,९००. उजवा ठणठणीत होता. गावातला एक जण "तापवून सरळ करून देतो" म्हणत होता. आर्म तापवून सरळ करू नका, चाक त्याच्यावर उभं असतं.

कोटिंग. जिथे रंग खरवडून पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर आणि कोटिंग मारलं, ७००. एवढं मात्र लगेच करावं, ओली माती चिकटून राहिली की गंज तिथूनच सुरू होतो. तपासणीचे २०० धरून एकूण खर्च ४,२५०.

भावाने विचारलं, इन्शुरन्स? त्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी होता, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. तुमच्याकडे फुल पॉलिसी असली तरी आकडेमोड करा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक-रबरच्या पार्टला ५० टक्के घसारा कापतात, १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीने आपले जातात, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. ओन डॅमेजचा प्रीमियम ५,००० आणि बोनस ३५ टक्के असेल, तर पुढच्या वर्षीच १,७५० जास्त भरावे लागतील. चार हजारांच्या कामाला क्लेम परवडत नाही. खरंच चेंबर फुटला असेल तर क्लेम करा, पण गाडी तिथेच बंद करून. ऑइल गळत असताना गाडी रेटली आणि इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत ते इंजिन बहुतेक वेळा मिळत नाही.

"बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल" हे पण ऐकवतात. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला होता, कारण स्पेअर पार्ट बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच रद्द करा, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. तुम्ही एवढंच म्हणा: "कोणत्या पार्टची वॉरंटी, कोणत्या अटीने जाते, लिहून द्या."

काम केलंच नाही आणि बिल लावलं, किंवा न विचारता पार्ट बदलला, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. धंद्याची गाडी म्हणून आपण ग्राहक नाही, असा गैरसमज असतो. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. एस्टिमेट, बिल, फोटो जपून ठेवा आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

भावाच्या हातात ३५,७५० राहिले. पाच दुकानांपासून सुरुवात केली आहे, चाकोरी दिसली की आता एक चाक उंचवट्यावर घेऊन हळू काढतात. परवा फोन आला, नवीनच तक्रार: खारीचा चुरा होतोय. पुढचा व्हिडिओ पॅकिंगवर करतोय. तुमच्याकडे असं एखादं एस्टिमेट पडून असेल तर सर्व्हिस सेंटरचं नाव आणि गाडीचा नंबर झाकून फोटो पाठवा, लाइव्हमध्ये एकेक ओळ बघू.