किल्लारीचा भूकंप आणि दगडी घरे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशीचे गणेशविसर्जन आटोपून लोक घरांत झोपले होते. भूकंपाची महत्ता, म्हणजे त्यात मोकळ्या झालेल्या ऊर्जेचे माप, ६.२ होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

पुढे चार महिन्यांच्या आतच, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळील नॉर्थरिज येथे ६.७ महत्तेचा भूकंप झाला. त्याची ऊर्जा किल्लारीच्या पाचपटींहून अधिक. वेळही पहाटेचीच आणि वस्ती कितीतरी दाट. तेथे सुमारे साठ माणसे दगावली. पैशाचे नुकसान मात्र अब्जावधी डॉलरांचे झाले.

एवढा फरक का पडावा? किल्लारीच्या घरांकडे पाहू. दोन-अडीच फूट जाडीची, दगडमातीची भिंत. बाहेरचा आणि आतला असे दोन थर, त्यांना आरपार बांधणारा दगड बहुधा नाहीच. वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. ते बांधणारे अडाणी नव्हते. परंतु जमीन आडवी हलली की जितके वजन अधिक, तितका भिंतीवरील आघात मोठा. भिंतीचे दोन्ही थर फुगून सुटले आणि माळवद खाली आले. जेथे माळवदाला आतून लाकडी खांबांचा भक्कम आधार होता, तेथे भिंती पडूनही छत कोठे कोठे उभे राहिले. गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्यांतील गरीब माणसे तर पुष्कळदा वाचली. म्हणजे घरच्या श्रीमंतीने येथे रक्षण केले नाही.

कॅलिफोर्नियात १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर शाळांच्या इमारतींसाठी कायदा झाला. १९७१ च्या भूकंपानंतर बांधकामाचे नियम आणखी कडक झाले, आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणाही होती. भूकंपरोधक बांधणीचे भारतीय मानक १९६२ पासून होते. पण त्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती, आणि खेड्यातील गवंड्याच्या हाती ते मानक कधी पोहोचलेच नाही. विकसित आणि अविकसित यांतील भेद आम्हांस येथे दिसतो.

भूकंपानंतर मराठवाड्यातील काही जुन्या घरांच्या भिंतींना भोके पाडून त्यांत लोखंडी सळई व काँक्रीट भरण्यात आले. दोन्ही थर जखडण्यासाठी एवढे पुरते.