मुलांकडे परदेशी निघताना

मार्च उजाडला की दवाखान्यात मुलांकडे निघालेल्या आई-बाबांची रीघ लागते. ‘डॉक्टर, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या,’ एवढंच त्यांचं मागणं. गोळ्या मी लिहून देतोच. पण सोबत आजारांचा आणि औषधांचा एक कागदही हातात ठेवतो. तो पर्समध्येच ठेवा, सामानात नको.

माझ्या एक काकू लंडनला मुलीकडे होत्या. तिथल्या ग्लुकोमीटरवर ‘९’ दिसलं. साखर पार उतरली समजून त्यांनी तीन चमचे साखर खाल्ली, रात्रीची गोळीही टाळली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर मिलिमोलमध्ये मोजतात. तो आकडा १८ ने गुणला की आपला आकडा मिळतो. काकूंची साखर १६२ होती!

कागदावर ब्रँडच्या शेजारी औषधाचं मूळ नाव हवंच. मधुमेहाच्या आपल्याकडच्या नेहमीच्या गोळ्या, व्हिल्डाग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड, अमेरिकेत मिळत नाहीत. हृदयाची झडप बदललेल्यांनी तर फारच जपावं. रक्त पातळ ठेवणारं असिट्रॉम तिथे नाही, वॉर्फरिन असतं. दोन्हींचे डोस सारखे नसतात; रक्ताची आयएनआर चाचणी करून डॉक्टरांनीच औषध बदलावं.

विमा घेताना जुन्या आजारांचं कलम मुलांकडून नीट वाचून घ्या. आणि छातीत दुखू लागलं तर बिलाच्या धास्तीने घरी बसू नका, अमेरिकेत असाल तर ९११ लावा. १९८६ च्या कायद्यानुसार अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला पैशांचा विचार न करता तपासावं लागतं, प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येतं आणि मोठं येतं, हे खरं. पण आधी जीव.

परतलेल्यांशी बोलताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. तिथे डॉक्टरांसमोर मुलगा दुभाषा होतो. मग शिंकताना लघवी सुटते, बाथरूममध्ये दोनदा तोल गेला, रात्र रात्र झोप लागत नाही, हे आई बोलतच नाही. मुलाला काळजी नको ना! अशा वेळी ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांना तो मोफत द्यावा लागतो, अनेकदा फोनवरूनच. मुलाला दहा मिनिटं बाहेर बसवा आणि मनातलं सगळं आपल्या भाषेत सांगा.