हाडातला मगज आणि मूळपेशी

पूर्णगड हे रत्नागिरी तालुक्यातले गाव. मुचकुंदी नदी येथे समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडाशी टेकडीवर जुना किल्ला आहे.

तेथे एका संध्याकाळी आम्ही वाचनाला बसलो होतो. धडा संपला. मंडळी घरोघर गेली. एक काकी मात्र उठेनात. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी आंबे काढताना झाडावरून पडला. पाठीचा कणा दुखावला. कमरेखालची ताकद गेली. तेव्हापासून तो अंथरुणावर आहे.

काकी म्हणाल्या, “गुरुजी, शहरात मूळपेशींची सुई देतात म्हणे. चार सुया घेतल्या की पोर चालंल, असं सांगतात. पैसं लाखांत लागतात. आमची दहा कलमं हायत. ती इकू काय?”

प्रश्न मोठा होता. दहा कलमांवर ते घर चालते. आम्ही म्हणालो, “काकी, आधी मूळपेशी म्हणजे काय ते समजून घेऊ. मग तुम्हीच ठरवा.”

त्यांना सांगितले तेच येथे लिहिले आहे.

शरीराचे बियाणे

घर चिऱ्यांचे बांधतात. तसे आपले शरीर पेशींचे बांधलेले आहे. पेशी फार लहान असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. कातडीच्या पेशी वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या, हाडाच्या वेगळ्या. प्रत्येकीचे काम ठरलेले असते.

चिरा फुटला तर दुसरा आणून बसवावा लागतो. शरीराचे तसे नाही. कोयत्याने बोट थोडे कापले, तर काही दिवसांत जखम भरून येते. ही नवी कातडी कोठून आली? कातडीत काही पेशी राखीव असतात. त्या आपल्यासारख्या आणखी पेशी तयार करतात आणि कामाच्या पेशीही तयार करतात. त्यांनाच मूळपेशी म्हणतात. शेतकरी सगळे भात कांडून खात नाही. पुढच्या सालासाठी बियाणे राखतो. मूळपेशी म्हणजे शरीराने राखलेले बियाणे.

पण हे बियाणे सगळीकडे सारखे नसते. खेकड्याची नांगी तुटली तर ती पुन्हा येते. पालीला शेपटी पुन्हा फुटते. माणसाचा तुटलेला हात मात्र पुन्हा येत नाही.

मगजाचे कलम

मटणाच्या नळीतला मगज पुष्कळांनी पाहिला असेल. माणसाच्या हाडांतही मगज असतो. डॉक्टर त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्ताच्या मूळपेशी त्यात राहतात. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मोडते. तिच्या जागी मगजातून नवी येते. हे काम रात्रंदिवस चालू असते.

कधी कधी हे कामच बिघडते. रक्ताचे काही कॅन्सर याच मगजात सुरू होतात. थॅलेसेमिया नावाच्या रोगात तांबड्या पेशी नीट बनत नाहीत. अशा मुलाला वरचेवर बाहेरचे रक्त द्यावे लागते. या रोग्यांना निरोगी माणसाचा मगज देता येतो.

अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी या कामात आयुष्य घातले. त्याबद्दल त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी त्यांच्याकडे शिकून आले. १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अडवाणींनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. तिला रक्ताचा कॅन्सर होता. भारतातला हा पहिला यशस्वी उपचार मानतात.

हा उपचार कसा करतात? कलम बांधणाऱ्याला हे लवकर समजेल. हापूसची काडी रायवळ आंब्याच्या रोपावर धरते. फणसावर धरत नाही. तसाच देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मगज जुळावा लागतो. सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा मगज पुरता जुळण्याचा संभव चारांत एक असतो.

मगज जुळला, की आधी कडक औषधे देऊन रोग्याचा बिघडलेला मगज मारतात. मग देणाऱ्याच्या मूळपेशी रोग्याच्या शिरेतून सोडतात. रक्ताची बाटली लावतात तसेच हे दिसते. त्या पेशी आपली वाट शोधत हाडांत जातात. दोन-चार आठवड्यांत तेथे नवे रक्त बनू लागते. देणाऱ्याने घाबरू नये. त्याचा मगज काही आठवड्यांत भरून येतो.

हा उपचार सोपा नव्हे. त्या दिवसांत रोग्याच्या अंगात रोगाशी झुंजण्याची ताकद नसते. कधी नव्या पेशी रोग्याच्या शरीराशीच भांडतात. काही रोगी दगावतात. पण पुष्कळ जण यातून बरे झाले आहेत. हा उपचार पारखून सिद्ध झालेला आहे.

मग पाठीच्या कण्याचे काय?

काकींनी विचारले, “मंग माज्या पोराला का न्हाय देत?”

पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जाते. मज्जा हे नाव सारखे वाटते, पण ही वस्तू मगजाहून वेगळी. ही निरोपाची तार आहे. “पाय उचल” असा मेंदूचा निरोप तिच्यातून पायाकडे जातो. ही तार तुटली की कातडीसारखी भरून येत नाही.

नव्या पेशी घालून ती जोडता येईल काय? जगभर याचा शोध चालू आहे. जपानच्या डॉ. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या कातडीतल्या पेशी घेतल्या आणि त्यांना पुन्हा मूळपेशींसारखे करून दाखवले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचा अभ्यास चालतो. आशा खरी आहे. पण मोडलेला कणा खात्रीने बरा करील असा मूळपेशींचा उपचार अजून हाती आलेला नाही.

म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली नियम सांगितले. रक्ताच्या आणि मगजाच्या ठरावीक रोगांसाठीच मूळपेशींचा उपचार करावा. बाकीच्या रोगांसाठी फक्त परवानगी घेतलेला प्रयोग करावा. त्या प्रयोगासाठी रोग्याकडून पैसे घेऊ नयेत.

न पारखलेली सुई नुसती वाया जाते असेही नाही. ती घातही करते. अमेरिकेत तीन बायकांकडून पैसे घेऊन त्यांच्या डोळ्यांत अशा पेशी टोचल्या. त्या पेशी त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढल्या होत्या. तिघींची नजर जवळजवळ गेली. ही हकीकत २०१७ साली डॉक्टरांच्या मासिकात छापून आली.

पैसे देण्याआधी विचारा

१. हा सिद्ध झालेला उपचार आहे की प्रयोग?
२. प्रयोग असेल, तर सरकारी नोंदवहीत त्याचा नंबर काय?
३. प्रयोग असेल, तर पैसे कशाचे?
४. धोका काय, ते लिहून द्याल काय?

एकच सुई सगळ्या रोगांवर चालते असे जो सांगतो, त्याच्यापासून दूर राहा. “शंभर टक्के खात्री” देणाऱ्यापासूनही दूर राहा.

आज काय करता येईल?

काकी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे करण्यासारखं कायच न्हाय?”

आहे, पुष्कळ आहे. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. पाठ आणि टाचा रोज पाहाव्यात. कातडी कोरडी ठेवावी. नाही तर अंगाला जखमा पडतात, त्या चिघळतात आणि जिवावर बेततात. लघवी तुंबते काय, इकडे लक्ष द्यावे. हातापायांचे व्यायाम शिकून घ्यावेत. मुंबईला हाजी अलीजवळ १९५५ सालापासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी व्यायाम शिकवतात, चाकांच्या खुर्चीवर वावरायला शिकवतात.

शेवटी आम्ही काकींना एक गोष्ट सांगितली. मगजाचा तो उपचार करणाऱ्या डॉ. अडवाणींना लहानपणी पोलिओ झाला होता. त्यांचे पाय गेले. चाकांच्या खुर्चीत बसूनच ते डॉक्टर झाले आणि त्यांनी दुसऱ्यांचे प्राण वाचवले.

काकी उठल्या. म्हणाल्या, “कलमं ऱ्हाऊ देत. आधी खुर्चीचं बघते. पोराला अंगणात तरी आणीन.”

सांगा पाहू

१. मूळपेशींना शरीराचे बियाणे का म्हटले आहे?
२. मगज आणि मज्जारज्जू यांत फरक काय?
३. काकींच्या जागी तुम्ही असता, तर सुई देणाऱ्याला काय विचारले असते?