साप्ताहिकाचं ॲप काढताय? आधी खर्च मांडा

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावातून साप्ताहिक चालवलं, की कधी ना कधी फोन येतोच: "संपादकसाहेब, तुमच्या पेपरचं ॲप करून देतो, फक्त पंधरा हजार." हा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो.

सक्तीचा खर्च तसा किरकोळ. गूगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला 25 डॉलर लागतात, तेही एकदाच. ॲपल मात्र दरवर्षी 99 डॉलर घेतं. आपल्या भागात आयफोनवाले वाचक मोजकेच, तेव्हा ती बाब पहिल्या वर्षी खुशाल गाळा. नोटिफिकेशन पाठवायची गूगलची फायरबेस सेवा मोफत आहे. त्यासाठी कुणी दरमहा पैसे मागितले, तर कशाचे ते विचारा.

पैसा जातो तो पुढे. नव्या अँड्रॉइडशी जुळेल असा बदल ॲपमध्ये गूगल दरवर्षी मागतं. तो केला नाही, तर नवा मोबाइल घेतलेल्या वाचकाला तुमचं ॲप स्टोअरवर सापडेनासं होतं. म्हणून वार्षिक देखभालीचा आकडा लेखी घ्या, 18 टक्के जीएसटी धरून.

फॉन्टचा खर्च तर कुणी सांगतच नाही. पानं श्रीलिपीत लागत असतील, तर तो मजकूर ॲपमध्ये थेट टाकला की अक्षरांचा चिवडा होतो. आधी युनिकोडमध्ये फिरवायचा, मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालायची. हे दर अंकाला. ऑपरेटरची ही मजुरी धरली नाही, तर हिशेब पहिल्याच महिन्यात फसतो. नुसती पीडीएफ चढवणं स्वस्त पडतं, पण मोबाइलवर आठ कॉलमांचं पान ओढत-ताणत वाचणार कोण?

आता जमा. वर्षाचा खर्च 40 हजार आणि वर्गणी 100 रुपये धरू. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली, तर गूगलचे 15 टक्के जाऊन हाती 85 उरतात. म्हणजे खर्च निघायलाच 471 वर्गणीदार हवेत. मोठ्या दैनिकांच्या बातम्या त्याच मोबाइलवर फुकट मिळत असताना हे लोक पैसे देतील ते मोसंबी-कापसाच्या इथल्या भावासाठी, ग्रामसभेच्या बातमीसाठी.

प्ले स्टोअरचं खातं मात्र स्वतःच्याच नावावर काढा. ते ॲपवाल्याच्या नावावर असेल, तर भांडण झाल्यावर ॲपही त्याचं आणि वाचकही त्याचे. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप खुलं करण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. तेव्हा 'आठ दिवसांत चालू' म्हणणारा बहुधा स्वतःच्या खात्यावर टाकणार, हे ओळखा.

डिजिटल बातम्या सुरू केल्यावर 30 दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवायचं असतं, तेही विसरू नका.

छापील अंकाचे पैसे भरणारे वर्गणीदार पाचशेच्या आत असतील, तर सध्या ॲप नको. व्हॉट्सॲप चॅनेल फुकट आहे. त्याला स्वतःच्या नावाच्या साध्या संकेतस्थळाची जोड दिली की पुरे.